मालूबाईचा ट्रंक कॉल

देवानं मला आवाज देताना फारच हात आखडता घेतला. शाळेत मी 'हजर' म्हणायचो आणि मास्तर गैरहजेरी मांडायचे. बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातल्या आमच्या घरात आईला माझं बोलणं कळायचं, पण ती आई होती. बाकीच्यांना सगळं दोनदा सांगावं लागे. डॉक्टरला आवाज कशाला हवा, या समजुतीवर मी नागपूरला जाऊन डॉक्टर झालो आणि एकोणीसशे पंचावन्न साली देडतलाईच्या सरकारी दवाखान्यात रुजू झालो. आवाज हवा असतो, हे तिथं दोन वर्षांनी कळलं. ज्या बाईमुळं कळलं तिची ही हकिगत. माझी नाही. पण मी मध्येमध्ये येणार, त्याला इलाज नाही.

मालूबाई आमच्या दवाखान्याची आया. झाडलोट, रोग्यांची उठबस, बाळंतिणीचं पाणी, आणि माझ्यावर लक्ष ठेवणं, ही तिची कामं. शेवटचं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. वय पंचेचाळीसच्या पुढंमागं असावं. विचारलं तर 'प्लेगाच्या साली मी चालाले लागले व्हते' एवढंच सांगे, आणि कोणता प्लेग ते सांगत नसे. लग्नानंतर सहा वर्षांनी नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. मग बारा वर्षं तिनं लोकांच्या ज्वारीची राखण केली. शेतातल्या माळ्यावर चढून पाखरं हाकलायची. राखणदाराला गोफण लागते, हिला कधी लागली नाही. ही नुसती ओरडे आणि सगळी पाखरं शेजारच्या शेतात जात. मग शेजारचा शेतकरी भांडायला येई, आणि तोही परत जाई.

असा तो आवाज. वॉर्डात ती एखाद्या म्हाताऱ्याला मायेनं 'पेज घ्या' म्हणाली, तरी नवीन आलेल्या नातेवाइकांना वाटे आत मारामारी चालू आहे. मी तिला किती वेळा सांगितलं, मालूबाई, हळू बोल, इथं माणसं आजारी आहेत. ती म्हणे, "हळूच तर बोलून राह्यले, डॉक्टरसायेब." आणि ते खरं असे.

छप्पन साली राज्यांची नवी मांडणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही भोपाळच्या पदरात पडलो. मला त्याचं दुःख एवढ्यासाठी झालं, की अडलेल्या केससाठी मी नागपूरला माझ्या मास्तरांना पत्रं लिहीत असे. आता मास्तर परराज्यातले झाले. त्यांनी शेवटच्या पत्रात लिहिलं, यापुढे तुमच्याच राज्यात विचारा, माझ्याकडून उगाच कायद्याची भानगड व्हायला नको. नव्या सरकारचा हुकूम आला की, शस्त्रक्रियेच्या अवघड रोग्यांबद्दल इंदूरच्या सर्जनसाहेबांचा सल्ला टेलिफोनवर घ्यावा. हुकमापाठोपाठ टेलिफोनही आला, हे आश्चर्य. जंगल खात्याची तार लाकडाच्या डेपोपर्यंत आलेलीच होती, ती सागाच्या झाडांवरून ओढत आमच्यापर्यंत आणली. वारा सुटला की झाडं हलत आणि तारेतून समुद्रासारखा आवाज येई.

यंत्र माझ्या खोलीतल्या भिंतीवर लावलं. दांडा फिरवला की बुऱ्हाणपूरच्या एक्स्चेंजमध्ये गजाननराव उठत. ते खांडव्याला उठवत, खांडवा इंदूरला उठवी, आणि तिकडं सर्जनसाहेब डॉक्टर रिसबूड यायचे. हे रिसबूड म्हणजे जमदग्नी. त्यांच्या हाताखालची पोरं त्यांच्या चपलांचा आवाज ओळखून जिना बदलत म्हणे. बोलायला मिनिटं तीन.

पहिल्या कॉलला माझ्यासमोर आतड्याला पीळ पडल्याचा संशय असलेला एक शेतकरी होता. मी छाती भरून घेतली आणि ओरडलो. मला तिकडचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. रिसबूड म्हणत होते, "कोण आहे? अहो, कुणी बोलतंय का?" मी पुन्हा ओरडलो. मध्येच गजाननराव म्हणाले, "साहेब, जोरात बोला." मी म्हटलं, जोरातच बोलतोय. ते म्हणाले, "काय?" दोन मिनिटं अशी गेली. माझा घसा बसला, आणि बसल्यानं फारसा फरकही पडला नाही.

मालूबाई फरशी पुसत होती. तिनं फडकं बादलीत टाकलं, हात पदराला पुसले, माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि म्हणाली, "ओ इंदूरवाले! आमचे डॉक्टरसायेब कव्हाचे बोलून राह्यले, आयकू नाही येत का तुमाले?"

मग रिसबूड जपून म्हणाले, "आलं. आता आलं ऐकू."

लाकडाच्या डेपोतल्या रखवालदारालाही आलं होतं. त्यानं टेलिफोन उचललेलाही नव्हता.

त्या दिवसापासून आमची पद्धत ठरली. ऐकायला आम्ही दोघं, रिसीव्हरला एका बाजूनं माझा कान आणि दुसऱ्या बाजूनं तिचा. बोलायला ती एकटी. मी तिच्या कानात पुटपुटायचो आणि ती इंदूरला पोचवायची. पण जसंच्या तसं पोचवेल तर ती मालूबाई कसली! मी म्हणायचो, यकृताला सूज. ती म्हणायची, "उजव्या बरगडीखाली भरताच्या वांग्याएवढं लागते हाताले, सायेब. कवळं नाही, जून वांगं." मी कपाळाला हात लावायचो. तिकडून रिसबूड म्हणायचे, "जून म्हणजे कडक? बरं. पुढं सांगा."

नाडी सांगायची तिची रीत निराळीच होती. मी रोग्याचं मनगट धरायचो आणि दुसऱ्या हाताचं बोट हलवायचो. ती माझ्या बोटाकडं बघत रिसीव्हरमध्ये 'टुक, टुक, टुक' म्हणायची आणि रिसबूड तिकडं घड्याळ लावून मोजायचे. एका पोरीच्या खोकल्याचं वर्णन मला करता येईना, तर मालूबाई तो खोकला तसाच्या तसा खोकली, शेवटच्या ओढलेल्या श्वासासकट. रिसबूड म्हणाले, "डांग्या." आणि मग, "बाईंनाही आहे का?"

एकच गोष्ट मला सहन होत नसे. थोर माणसाशी बोलताना एकदम दुखण्यावर येणं तिला उर्मटपणाचं वाटे. तीन मिनिटांतलं पहिलं मिनिट खुशालीत जाई. "सायेब, बालबच्चे मजेत ना? पानीपाऊस काय म्हन्ते इंदूरले?" मी इकडं घड्याळ दाखवत नाचतोय. पहिल्या खेपेला रिसबूड संतापले. तिसऱ्या खेपेला म्हणाले, धाकटीला पडसं झालंय. मालूबाईनं ओवा भाजून फडक्यात बांधून हुंगवायला सांगितलं. पुढच्या कॉलला रिसबूडांनी आधी सांगितलं, पडसं गेलं. मग रोगी विचारला. सरकारनं मोठ्या इस्पितळाचं ज्ञान खेड्यात पोचवायला तार ओढली होती. ते दोन्हीकडून चालू झालं होतं, हे भोपाळला कुणी कळवलं नाही.

एकदा इंदूरहून पाकीट आलं. वर टंकलेलं होतं, श्रीमती डॉक्टर मालूबाई, देडतलाई. मला, खरं सांगतो, झोंबलं. मी तिला म्हटलं, कारकुनाची चूक आहे. ती म्हणाली, "मंग त्याले सांगू नका." आणि पाकीट चोळीत खोचून निघून गेली.

आता उखर्डूची गोष्ट. अठ्ठावन्न सालचा पोळा नुकताच झाला होता. उखर्डू हा तेवीस वर्षांचा गडी, नेपानगरच्या कागद कारखान्यात लाकडाचे ओंडके उचलायच्या कामावर. देडतलाईच्या भिकनची मुलगी सुमन त्याला दिलेली. सणाला सासरवाडीला आला होता. दुसऱ्या दिवशी भिकनची चाऱ्याची गाडी चिखलात रुतली. जावयानं गाडीला हात लावायचा नसतो. त्यानं कट्ट्यावर बसून चहा प्यायचा असतो. पण गावातले चार लोक बघत होते. उखर्डू म्हणाला, "सरका," आणि चाकाला भिडला. गाडी निघाली. निघाली ती थोडी मागं येऊन निघाली, आणि त्याचा उजवा हात कोपराखाली चाक आणि दगड यांच्यामध्ये सापडला.

भिकननं हाडवैद्याला बोलावलं. त्यानं बांबूच्या कामट्या लावून सुंभानं असा काही हात आवळला, की गाडीनं अर्धवट सोडलेलं काम त्यानं पुरं करत आणलं. सकाळी माझ्याकडं आणला तेव्हा बोटं थंड पडली होती आणि वांग्याच्या रंगाची झाली होती. मी सुंभ कापलं, कामट्या काढल्या. हात टम्म सुजलेला, मनगटाला नाडी लागेना. बुऱ्हाणपूरच्या वाटेवरचे नाले भरून वाहत होते, दोन दिवस गाडी जाणं शक्य नव्हतं. मी दांडा फिरवला. गजाननरावांनी माझा दांडा फिरवण्याचा वेगच ओळखला असावा, कारण रिसबूड चार मिनिटांत हजर झाले.

आम्ही उखर्डूची खाट ओढत माझ्या खोलीत आणली. तिच्यामागं सासरवाडी आली. सासरा भिकन, सासू आशाबाई, डोळे सुजलेली सुमन, आणि ज्यांना काही काम नव्हतं असं अर्धं गाव दारात. मालूबाईनं त्या दिवशी खुशाली विचारली नाही. तेव्हा रिसबूडांना कळलं की प्रकरण गंभीर आहे.

ते म्हणाले, "बोटांना एकेक सुई टोचा आणि कळतं का विचारा. कळत असेल तर हात जिवंत आहे, वाचवता येईल. कळत नसेल तर तो हात ठेवण्यात अर्थ नाही, विष अंगात जाईल. आणि एक नीट ऐका. आपण हे का विचारतोय ते रोग्याला सांगू नका. हात वाचवायचा म्हटल्यावर कुणीही 'कळतं' म्हणेल. आणि खोटं ऐकून ठेवलेला हात आठ दिवसांत माणूस घेऊन जातो."

मी अंगठ्यापासून सुरुवात केली. मालूबाईनं विचारलं, "जवाईबापू, कळते का?"

"नाही," उखर्डू म्हणाला.

दुसरं बोट. "दुखते का, जवाईबापू?"

"बिलकुल नाही. खुशाल टोचा."

पाचही बोटं झाली. त्यानं भुवईसुद्धा हलवली नाही. दारातून आशाबाई शेजारणीला म्हणाली, "पाह्यलं का? सुई टोचून राह्यले आन् माहा जवाई हासून राह्यला." भिकननं मिशीवर हात फिरवला. मालूबाईनं इंदूरला सांगितलं, "नाही म्हन्ते, सायेब."

रिसबूडांनी बोटांचा रंग पुन्हा एकदा विचारला. मग म्हणाले, "तासभर थांबा. पट्टी सोडली आहे, कदाचित रक्त येईल. तासानं पुन्हा टोचा. तरीही नाही म्हणाला, तर कोपराखाली काढावा लागेल. मी टेलिफोनवर सांगत जाईन, तुम्ही करत जा." तीन मिनिटं झाली आणि लाइन गेली.

हात काढण्याची शस्त्रक्रिया मी नागपूरला दोनदा पाहिली होती. त्यातली एक अर्धीच, कारण उरलेल्या अर्ध्यात मी जमिनीवर होतो. मी हत्यारं उकळायला ठेवली आणि स्टोव्हसमोर उभा राहिलो. तेवीस वर्षांचा पोरगा, उजवा हात, ओंडके उचलायचं काम. मला इतकी भीती त्याआधी वाटली नव्हती, त्यानंतरही नाही.

मालूबाई मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, "डॉक्टरसायेब, थो खोटं बोलून राह्यला."

"कशावरून?"

"तुमी हाताच्या बोटाले सुई टोचता, आन् चादरीखाली पायाचा अंगठा मुडपते त्याचा. मी पायथ्याशी व्हते ना."

मी खेकसलो की, पायाच्या अंगठ्यावरून हात ओळखायचं शास्त्र अजून निघालेलं नाही. खेकसलो, कारण ते खरं असावं असं मला फार वाटत होतं. मी जाऊन चादर वर केली आणि पुन्हा सुई टोचली. हाताच्या अंगठ्याला टोचली, पायाचा अंगठा मुडपला. तर्जनीला टोचली, मुडपला. करंगळीला टोचली, नाही. चेहरा मात्र दगडी. "दुखतं का?" "नाही."

रिसबूडांना मी काय सांगणार होतो? रोगी नाही म्हणतो, पण पाय हो म्हणतो? त्याच्या तोंडून शब्द हवा होता. आणि शब्द कशासाठी हवा आहे हे त्याला सांगायचं नव्हतं.

"सासरवाडी हाय," मालूबाई म्हणाली. "सासूपुढं जवाई 'दुखते' म्हनंन का? मरंन, पन म्हननार नाही."

तिनं सगळ्यांना बाहेर काढलं. तिनं बाहेर काढलं म्हणजे ते निघाले. नाल्यापर्यंत निघाले असते, पण व्हरांड्यात थांबले. खिडकी लावली. पुन्हा विचारलं. "नाही." मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मालूबाई देडतलाईची, म्हणजे गावाच्या नात्यानं तीही त्याची मावससासूच. मी तिलाही बाहेर घालवलं, दार लावलं, खाटेशी वाकलो आणि म्हटलं, "आता आपण दोघंच आहोत. दुखतं का?"

उखर्डूनं माझ्याकडं आदरानं पाहिलं. म्हणाला, "डॉक्टरसायेब, तुमी भी देडतलाईचेच ना?"

माझी आई शनवाऱ्याची, माझा जन्म शनवाऱ्याचा. पण दोन-तीन वर्षं इथलं पाणी प्यायलो होतो, तेवढ्यानं मी त्याच्या सासरवाडीचा झालो होतो. तास संपायला वीस मिनिटं उरली.

दार ढकलून मालूबाई आत आली. एका हातात वॉर्डातली कचऱ्याची बादली. त्यात सकाळचा सगळा केरकचरा, कापसाचे बोळे, केळीची सालं. तिनं ती बादली उखर्डूच्या उशाशी ठेवली. मी म्हटलं, "मालूबाई! जखमेचा रोगी आहे!" तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. खाटेच्या कडेला बसली.

"तुमचं नाव उखर्डू काहून ठेवलं?"

तो गोंधळला. "माह्याआधी तीन पोरं गेली व्हती. म्हनून मायनं मले जल्मल्यावर उकिरड्यावर ठेवलं. नजर लागू नाही म्हनून."

आमच्या भागात ही रीत आहे. मूल जगत नसलं तर जन्मल्यावर ते उकिरड्यावर टाकतात. शेजारची एखादी बाई ते उचलते, म्हणजे ते तिचं झालं. आणि मग आई तिच्याकडून सूपभर धान्य देऊन ते विकत घेते. सटवाईला वाटतं, हे त्या घरचं पोरच नव्हे.

"कोनं उचललं व्हतं तुमाले?"

"भागाबाईनं. शेजारची."

"कुठी हाय भागाबाई?"

"गेली. माय भी गेली. मी लहान व्हतो."

"मंग," मालूबाई म्हणाली, "तू अजून उकिरड्यावरच हायेस म्हन की." आणि तिनं त्याच्या मानेखाली हात घातला, त्याचं डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि वरून पदर टाकला. "आता मी उचलला. आजपासून तू माहा. देडतलाई गेली खड्ड्यात, मी आता तुह्या गावची. तुह्या सासूची मी विहीण. आयकलं का रे उखर्ड्या?"

तिनं मला खूण केली. मी अंगठ्याला सुई टोचली.

"दुखते का रे?"

पदर हलायला लागला. आधी मला वाटलं तो हसतोय. मग आतून आवाज आला, एवढ्या मोठ्या गड्याचा नव्हे, लहान पोराचा. "दुखते माय. लय दुखते. रातभर दुखून राह्यलं व माय."

"रड," ती म्हणाली. "मायपुढं लाज कायची?"

तो रडला. मी एकेक बोट टोचत गेलो आणि तो एकेका बोटाला 'माय' म्हणत गेला. चार बोटांना म्हणाला, करंगळीला नाही. मी सुई हातात धरून तिथंच उभा राहून रडलो, ते इथं लिहायला मला काही वाटत नाही. मग दांड्याकडं धावलो.

रिसबूड आले. मालूबाईच्या मांडीवर डोकं होतं, त्यामुळं रिसीव्हर मी ताणून तिच्या तोंडाशी धरला.

"दुखते, सायेब!" ती ओरडली. "दुखते! लय दुखते त्याले! रडून राह्यला!"

व्हरांड्यात एकच गलका झाला. आपला जावई रडतोय म्हणून आनंदानं ओरडणारी सासरवाडी मी आयुष्यात तेवढीच पाहिली. का ते त्यांना माहीत नव्हतं, पण मालूबाईच्या आवाजातलं सुख त्यांना भिंतीतून कळलं होतं.

रिसबूड म्हणाले, "खरं सांगतोय कशावरून? त्याला कारण सांगितलंत का?"

"नाही, सायेब. शप्पथ."

"मग आधी नाही का म्हणाला?"

मालूबाईनं क्षणभर विचार केला. "आधी त्याले माय नव्हती," ती म्हणाली.

मध्येच गजाननराव म्हणाले, "तीन मिनिटं झाली... पण चालू द्या, चालू द्या." संध्याकाळपर्यंत सगळ्या शनवाऱ्याला ही बातमी कळली, ती त्यांच्याकडूनच. माझ्या आईला माझ्या पत्राची वाट पाहावी लागली नाही.

"कापू नका," रिसबूड म्हणाले. "सुजेनं आतून हात आवळला आहे. कातडीला लांब छेद देऊन तो मोकळा करायचा. मी सांगतो तसं करा." मी केलं. मग मी त्याचं मनगट धरलं आणि माझ्या दुसऱ्या हाताचं बोट हलायला लागलं, तसं मालूबाईनं मोठ्यानं 'टुक, टुक' सुरू केलं. मनगटाची नाडी परत आली होती.

नाले उतरल्यावर त्याला बुऱ्हाणपूरला आणि तिथून इंदूरला हलवलं. करंगळीची दोन पेरं गेली. बाकी हात राहिला. पाच महिन्यांनी उखर्डू परत कारखान्यात ओंडके उचलायला लागला.

इकडं मात्र वेगळंच रामायण सुरू झालं. मालूबाई त्या तासापुरती विहीण झाली असेल, असं आशाबाईला वाटत होतं. मालूबाईला तसं वाटत नव्हतं. दिवाळीला ती भिकनच्या दारात जाऊन उभी राहिली, आत जाईना. म्हणाली, वरमाय न बोलावता कशी येईन? आशाबाई आणि ती एका आळीत वाढलेल्या, लहानपणी एकमेकींच्या झिंज्या उपटलेल्या. शेवटी आशाबाईनं दात आवळून पाट मांडला, पाय धुतले, चोळीचा खण दिला. खण अंगाला पुरत नव्हता, आणि मालूबाईनं तेही बोलून दाखवलं, विहिणीनं दाखवायचं असतं तितकं. सारी आळी दाराशी जमली होती.

उखर्डू दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, देडतलाईला येई. आधी दवाखान्यात यायचा, मग सासरी. हातात पिशवी, तिच्यात तिच्यासाठी काहीतरी. मालूबाई कामं टाकून पायरीवर बसे, त्याचा उजवा हात मांडीवर घेई, चारही बोटं एकेक करून दाबून पाही आणि विचारी, "दुखते का रे?"

"हाव माय. थोडंसं."

"आता?"

"हाव."

मग तिचा चेहरा असा उजळे, की मी बघत राही. चौथ्या की पाचव्या आखाजीला मला चिंता वाटली. एवढी वर्षं दुखतंय म्हणजे आत काही राहिलं असणार. मी त्याला बाजूला घेतलं, हात नीट तपासला, बोटं वाकवली, जोर लावायला सांगितलं. हात माझ्यापेक्षा बरा होता. मी विचारलं, "खरंच दुखतं का?"

उखर्डूनं मागं वळून पाहिलं. मालूबाई लांब होती, तरी त्यानं आवाज खाली केला. "कायचं दुखते, डॉक्टरसायेब. तीन सालं झाली, काहीच नाही होत. पन 'नाही' म्हटलं का तिचं तोंड उतरते."

त्यानंतर दर आखाजीला मी त्या हातासाठी मलमाची एक डबी काढून देत असे. त्यात साधं व्हॅसलीन असे. मालूबाई पायरीवर बसून ते त्याच्या हाताला अर्धा तास चोळत बसे, आणि तो मध्येमध्ये 'हाय माय' म्हणत असे.